फुल रेस

पोलादपूरच्या फाट्यावर माझं पीयूसी केंद्र आहे. संध्याकाळी ते बंद करून मी हैबतीकाकांच्या जीपने वाडीवर जाते. दुसरी कुठलीच गाडी तिकडे जात नाही. त्या दिवशी जीप थेट केंद्रासमोर येऊन थांबली. आत बाजार करून निघालेल्या बायका, आणि महाडला डायलिसिस करून परतलेली माझी आई.

"पीयूसी संपलीय गो उज्वला. पंपवाला डिझेल देत नाय. काढ पटकन."

"आधी माणसं उतरवा, काका."

"कशाला? धूर मोजतेस का माणसं?"

बायका हसल्या. उतरलं कोणीच नाही.

मी यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये सरकवली. या चाचणीत रेसचं पेडल तळापर्यंत दाबायचं असतं. अर्धंच दाबलं तर जुनी गाडीही कशीबशी निभावून जाते.

काकांनी इंजिन चालू केलं. "किती दाबू?"

जीपच्या गंजलेल्या तळातून धूर आत चढत होता. आईने पदर नाकाला लावला होता.

"पूर्ण," मी म्हणाले.

गाडीचा दम सगळ्यांना दिसावा म्हणून काकांनी जोरात रेस दिली. मागची भिंत दिसेनाशी झाली. पडद्यावरचा आकडा मर्यादेच्या बराच वर थांबला आणि यंत्राने तो परस्पर आरटीओकडे पाठवून दिला.

"नापास."

"मग ती बाजूला नवी पांढरी गाडी उभी आहे, तिच्यात घाल नळी," आतून आई म्हणाली. "सगळे घालतात."

"आकडा गेला, आई. आता दुरुस्त करूनच आणावी लागेल."

"म्हंजे जीप गॅरेजात," काका म्हणाले. "आणि शुक्रवारी हिला महाडला कोण नेणार? पाठीवर घेशील?"

मी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि जीपपाशी येऊन उभी राहिले. बायकांनी हसणं कधीच थांबवलं होतं. आईने गुडघे आखडून जागा केली.

"बस."

मागचं दार बाहेरूनच लागतं. काकांनी ते लावलं. काच खाली होत नाही.

वाटेत उतार लागला तेव्हा त्यांनी डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं. एरवी या उतारावर गप्पांना जोर येतो. आई माझ्याकडे न बघता हातावरची डायलिसिसच्या सुईची पट्टी चाचपत होती. पुढे चढ होता. काकांनी किल्ली फिरवली, आणि पायाखालून धूर पुन्हा वर येऊ लागला.