फोटोतला हात

बँकेत चेकवरच्या सह्या पडताळण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. कुठलीही गोष्ट दोनदा पाहिल्याशिवाय ती मान्य करत नसे. नवऱ्याच्या फोटोंवर मात्र तिने एकदाच बघून विश्वास ठेवला होता. नवरा भूगोलाचे मास्तर. गेल्या वर्षी शाळेतल्या शिक्षकांबरोबर ते प्रवाळ बघायला बेटावर गेले आणि पाण्याखालचे साठेक फोटो घेऊन आले. निळे मासे, मेंदूसारखी वळ्यावळ्यांची पोवळी, एक म्हातारं कासव. वर्षभर आल्यागेल्याला मास्तर पाण्यात दम कसा धरायचा ते समजावून सांगत होते.

यंदा तिने हट्ट धरला, मलाही न्या. मास्तरांनी आधी सुट्टीची अडचण सांगितली, मग कंबरेची, मग म्हणाले, या दिवसांत समुद्र गढूळ असतो. तिने गेल्या वर्षीची तिकिटं काढून दाखवली. महिना हाच होता. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

बोटीवर संशय वाढतच गेला. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळा, म्हणजे वाफ धरत नाही, असं गाइड सांगत होता आणि मास्तर नवख्यासारखे कान देऊन ऐकत होते. श्वासाची नळी त्यांनी उलट्या बाजूला लावली. पायात रबरी पंजे चढवून सरळ पुढे चालायला गेले आणि तोंडघशी पडता पडता वाचले. साठ फोटो काढणाऱ्या माणसाला एवढंही येऊ नये? मग तिकिटं काढूनही हे इथे आलेच नव्हते. चार दिवस होते तरी कुठे?

मोबाइलमधले जुने फोटो उघडून ती एकेक मोठा करून बघू लागली. एका फोटोत कडेला एक हात निघाला, माशाकडे बोट दाखवणारा. मनगट बारीक, नखांना जांभळा रंग. तिने मोबाइल मास्तरांपुढे धरला.

"हा हात कोणाचा?"

मास्तर म्हणाले, गाइडचा असेल.

"गाइड नखं रंगवतो?"

मास्तर उठून बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. ती तडक नावाड्याकडे गेली. गेल्या वर्षी हे तुमच्या बोटीवर होते का, आणि बरोबर कोण होतं, तिने विचारलं. नावाडी मास्तरांकडे बघून घुटमळला. ते घुटमळणंच तिला जास्त लागलं.

"होते ना ताई," तो शेवटी म्हणाला. "सगळे पाण्यात आणि हे या खांबाला मिठी मारून. तीन दिवस. फोटो त्यांच्या चित्रकलेच्या बाईंनी काढले. ह्यांनीच कॅमेरा दिला होता त्यांना."

चित्रकलेच्या बाई तिला ठाऊक होत्या. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या, दोन नातवंडांच्या आजी. तिच्या जिवात जीव आला, आणि मागोमाग संताप. ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"वर्षभर मलाही बनवलंत?"

"पंचवीस वर्षं पोवळी शिकवतोय," मास्तर खाली मान घालून म्हणाले, "आणि पाणी कमरेच्या वर आलं की मला काही सुचत नाही. सांगणार कोणाला?"

लाइफ जॅकेट घट्ट बांधून, गाइडचा हात धरून ती एकटीच पाण्यात उतरली. खाली एवढे रंग होते की राग धरून ठेवायला तिला सवडच झाली नाही. तिने काढलेले फोटो मात्र हललेले आले, निम्म्यांत तिचेच पाय.

तरी संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिने बाईंना फोन लावलाच. बाईंनी सगळं तसंच सांगितलं; फोटोतला जांभळ्या नखांचा हातही त्यांचाच निघाला. वर म्हणाल्या, आम्ही एकेका पोवळ्याचं वर्णन ओरडून सांगायचो आणि सर बोटीवरून नाव सांगायचे, एकही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर कोणी न सांगता बोटीवर आले, किनाऱ्यापासूनच लाइफ जॅकेट घालून. मी इथेच सावलीत बसतो, म्हणाले. ती पाण्यात उतरली. पण दर वेळी डोकं वर काढलं की ते सांगितल्या जागी आहेत ना, हे ती बघून घेत होती.