बारावा अंक

गणिताच्या बाईंना आयुष्यात दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक म्हणजे, न तपासता त्यांनी कुठल्याही वहीवर कधी सही केली नाही. दुसरी म्हणजे, त्यांच्या तासाला बाकाखाली कॉमिक वाचून कुणी सुटलं नाही. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी हा अभिमान तसूभरही उतरला नव्हता.

म्हणून शाळेच्या शिपायाने एके दिवशी एक खोकं आणून दारात ठेवलं आणि "बाई, तुमच्या कपाटातला माल," असं म्हटलं, तेव्हा त्यांची मान जराशी ताठच झाली. खोक्यात त्यांनी जप्त केलेली कॉमिक होती. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर त्यांच्याच वळणदार अक्षरात, लाल शाईने, इयत्ता, हजेरी क्रमांक आणि तारीख. पालक आले तर परत द्यायचं, असा नियम होता. कॉमिक सोडवायला कुठला पालक येतोय!

"रद्दीत घाल," बाई बहिणीला म्हणाल्या. धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची. ती म्हणाली, "घालते हं ताई, बाजारातून आल्यावर," आणि पिशवी घेऊन निघून गेली.

आता बाईंचा पाय मुरगळलेला, स्टुलावर उचलून ठेवलेला. पेपर वाचून झाला होता, शब्दकोडं सुटलं होतं, खिडकीतून दिसणाऱ्या सगळ्यांच्या चुका काढून झाल्या होत्या. हाताशी खोकं तेवढं होतं. त्यांनी वरचा अंक उचलला, नुसता चाळायला.

बहीण दोन तासांनी परत आली. "ताई, चहा टाकू का?"

"थांब गं! ती विहिरीत पडतेय!"

"कोण पडतेय?" बहिणीच्या हातातली पिशवी खाली आली.

"बिनसावलीची!"

झालं असं होतं, की त्या कॉमिकमधल्या एका मुलीने भावाचा प्राण वाचवायला आपली सावली सातडोळ्या नावाच्या मायावी राक्षसाला विकली होती. ती सावली आता त्याच्या बुरुजात झाडूपोछा करत होती आणि मुलगी तिला सोडवायला निघाली होती. बसायला धुक्याचा घोडा, तोही असा नाजूक की ऊन लागलं की शिंकायचा आणि शिंकला की अर्धा विरून जायचा. वाटेत विहिरीतली भुतं, उलटे वाहणारे ओढे, बोलणारी कवटी. पानापानावर धडाम, खळ्ळ, सूंऽऽऽ!

बाईंनी उभा जन्म सिद्ध करण्यात घालवला होता. हे का? ते कशावरून? पायरी दाखव. आणि इथे एक घोडा खुशाल धुक्याचा होता आणि त्याला कुणी पायरी विचारत नव्हतं! बाईंना इतकं हलकं वाटलं, की त्या एकट्याच हसल्या. एका चित्रात सातडोळ्याला आठ डोळे काढले होते, तिथे मात्र त्यांनी लाल पेनाने एक डोळा खोडला. सवय ती सवय.

चार दिवसांत अकरा अंक फस्त झाले. अकराव्याच्या शेवटच्या चित्रात मुलगी बुरुजावरून, सावलीला जखडून ठेवणाऱ्या दोऱ्याला लोंबकळत होती. वर कठड्यावर तिची सावली सुरी घेऊन उभी. दोरा कापला तर सावली कैदेतून सुटणार, पण मुलगी खाली पडणार. नाही कापला तर सावली कायमची गुलाम. बाराव्या अंकात शेवट होणार होता.

बाईंनी खोकं पालथं केलं, झटकलं, तळाचा कागदही काढून पाहिला. बारावा अंक नव्हता.

"नाही म्हणजे काय नाही?" त्या बहिणीवरच डाफरल्या. रात्री जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी अंक ओळीने मांडले तेव्हा ध्यानात आलं, की अकरापैकी नऊ एकाच मुलीकडून जप्त केलेले होते. हजेरी क्रमांक एकतीस. शेवटचा बाक. वर्ग तिला पेंगुळ म्हणायचा. बाईच तिला एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "तुझं डोकं ढगात, पाय ढगात आणि मार्क शून्यात." बारावा अंक कुणाकडे असेल तर हिच्याकडेच असणार.

"ती पेंगुळ?" बहीण म्हणाली. "अगं, माझी कवळी तिनेच तर केली! बाजारामागे दवाखाना आहे तिचा. दर वेळी विचारते, बाई कशा आहेत म्हणून."

बाईंनी गालावर हात ठेवला. "माझा एक दात दुखतोय कालपासून."

"काल तर शेंगदाणे कडाकडा फोडत होतीस!"

पण बाई लंगडत निघाल्याही होत्या, काखेत अकरा अंकांची पिशवी घेऊन.

दवाखान्यात त्यांना पाहताच चाळिशी ओलांडलेली ती डॉक्टरीणबाई ताडकन उभी राहिली. तोंडावरचा मास्क एका कानाला लटकत होता. "बाई! बसा ना. म्हणजे... झोपा." बाई खुर्चीत आडव्या झाल्या. त्यांनी घरून वाक्य तयार करून आणलं होतं. पण ते ओठांवर येतं तोच हुकूम आला, "आ करा."

आणि काय सांगावं, खरोखरच एक दाढ किडलेली निघाली! "अहो बाई, ही दुखत कशी नव्हती? काढावी लागेल." भुलीची सुई टोचली. बाईंचा अर्धा चेहरा कुणा परक्याचा झाला, दाढ निघाली आणि तिच्या जागी कापसाचा बोळा गेला.

"अर्धा तास दाबून धरा. आणि अजिबात बोलायचं नाही."

बाईंनी चौतीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं वाक्य त्यांना पहिल्यांदाच ऐकावं लागलं. त्यांनी मुकाट्याने पिशवी मांडीवर उपडी केली.

डॉक्टरीणबाई बघतच राहिली. "माझे! हे माझे आहेत! हा मी चौथ्या पानापर्यंत वाचला होता, तेवढ्यात तुम्ही आलात. हाही चौथ्याच पानावर. तुम्ही दर वेळी चौथ्या पानावरच कशा यायचात हो?"

बाईंनी आधी दहा बोटं दाखवली, मग दोन.

"बारावा?" ती हसली. तिने किल्ली लावून खण उघडला आणि खाकी कव्हरची एक वही काढली. वर लिहिलं होतं, भूमिती. "घाबरलेल्या मुलांना दाखवते, सुई टोचायच्या आधी. बाई, तुम्हाला आठवतं ना? मी भूमितीच्या कव्हरात हा अंक शिवला होता आणि तपासायला नेमकी हीच वही दिली. दिवसभर मी शिक्षकखोलीच्या दाराशी घिरट्या घातल्या. संध्याकाळी वही परत आली, तर शेवटच्या कोऱ्या पानावर 'तपासले' आणि तुमची सही! जप्ती नाही, ओरडा नाही. मला वाटलं, बाईंनी पाहिलं आणि सोडून दिलं. म्हणजे बाईंना मी अगदीच वाया गेलेली वाटत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी आपणहून पहिल्यांदा भूमितीचं पुस्तक उघडलं. हा दवाखाना त्यातूनच झाला, बाई."

बाईंच्या कपाळावर घाम आला. त्या दिवशी साठ वह्यांचा गठ्ठा होता, डोकं ठणकत होतं. प्रत्येक वहीचं नुसतं शेवटचं पान उलटलं होतं आणि सही ठोकली होती, एकदाच, फक्त त्या एका दिवशी. हे त्या स्वतःशीसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या.

आता मान डोलावली असती तरी भागलं असतं. तोंडात कापूस, बोलायची मनाई. इतका सोयीचा बहाणा पुन्हा मिळणार नव्हता. खरं सांगितलं तर वही परत खणात जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे पोरीच्या चेहऱ्यावरचं हे कौतुक जाईल. बाईंना दोन्हीची भीती वाटली. तरीही त्यांनी पर्समधलं लाल पेन काढलं आणि औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं:

"मी पाहिलंच नव्हतं. न बघता सही केली. चूक माझी. ते ढगातलं बोलले, तेही चूक."

डॉक्टरीणबाईने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

मग तिला असं काही हसू फुटलं, की तिला स्टुलावर बसावं लागलं. "म्हणजे... म्हणजे मी अठ्ठावीस वर्षं फुकटच अभ्यास केला!" ती पोट धरून म्हणाली. बाईंनाही हसू आवरेना. अर्ध्याच तोंडाने हसता हसता कापसाचा बोळा उडून त्यांच्या मांडीवर पडला.

बाहेरच्या मदतनीस मुलीने दार किलकिलं केलं. "मॅडम, चार जण थांबलेत."

"सांग त्यांना, केस फार गुंतागुंतीची आहे," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाली. तिने बाईंच्या मांडीवरचे अकरा अंक उचलले आणि वही बाईंच्या हातात दिली. "घ्या. आता नीट तपासा."

बाईंनी मोठा दिवा वहीवर ओढला. पहिल्याच पानावर सावलीने दोरा कापला! मुलगी पडली, एक पान, दोन पानं, पडतेच आहे. आणि मागे सूर्य, म्हणून खाली जमिनीवर एक काळा ठिपका उमटला. तो मोठा होत गेला, त्याला हात फुटले. कैदेतून सुटलेली सावली कुठे पळून गेली नव्हती. ती मुलीच्या आधी खाली पोचून हात पसरून उभी होती, आणि तिने मुलीला अलगद झेललं.

बाईंनी मनातल्या मनात सूर्याचा कोन मांडून पाहिला. बरोबर! पडणारं माणूस आणि त्याची सावली शेवटी एकाच जागी येतात. सिद्ध होत होतं! त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि त्यांनी खरंच एक वाजवली.

शेवटच्या पानावर जुनी लाल सही होती, 'तपासले'. तिच्याखाली बाईंनी आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'वाचले'.

आता एक पाचपन्नास प्रश्न विचारायचे होते. त्या घोड्याचं पुढे काय झालं, सातडोळ्या मेला का पळाला, बाराच अंक का. बाई विचारायला वळल्या. डॉक्टरीणबाई स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती, ओठ हलवत वाचत होती, आणि नुकतं चौथं पान उलटून पाचव्यावर आली होती. कापसाचा नवा बोळा आपल्याच हाताने तोंडात धरून बाई तिचं वाचून होईपर्यंत थांबल्या.