अक्काच्या लुगड्यातला फोटो

राजमती फोटोला भिते, हे तिच्या सगळ्या गोतावळ्याला पाठ होतं. बारसं असो, वास्तुशांत असो की बाहुबलीच्या डोंगरावरची सहल असो, कॅमेरेवाला दिसला रे दिसला की राजमतीला चुलीवर काहीतरी उतू जाताना आठवायचं आणि ती गायब व्हायची. स्वतःच्या लग्नातसुद्धा तिनं मान इतकी खाली घातली होती की ग्रुपफोटोत नवरीच्या जागी नुसता मुंडावळ्यांचा गुंता आला. तिचा नवरा वर्धमान सगळ्यांना तो फोटो दाखवायचा आणि म्हणायचा की माझं लग्न कुणाशी झालं ह्याला माझ्याकडं काही पुरावा नाही. लोक हसायचे, राजमतीही हसायची. हसण्यावारी गेलेलं बरंच होतं, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

खरं कारण पेठ वडगावात होतं, तिच्या मेहुण्यांच्या, म्हणजे तात्यासोंच्या सोप्यात, भिंतीवर खिळ्याला टांगलेलं. तो फोटो तात्यासोंच्या बायकोचा, पद्मावतीचा, असं सगळं वडगाव मानत होतं. प्रत्यक्षात तो राजमतीचा होता.

झालं होतं ते असं. पद्मावती ही राजमतीची थोरली बहीण, तिची अक्का. सन पन्नास साली चार दिवसांच्या तापात अक्का गेली. मागं दीड वर्षाची त्रिशला राहिली आणि अक्काचा फोटो म्हणाल तर एकही नव्हता. पोरीला आई म्हणून बघायला निदान एक चेहरा पाहिजे, असं तात्यासोंच्या मनानं घेतलं. कोल्हापुरात महाद्वार रोडला इलाहीभाईंचा स्टुडिओ होता. फोटोविना गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या रक्ताचं कुणीतरी बसवायचं, फोटो काढायचा आणि मग घरच्यांना विचारून विचारून ब्रशनं चेहरा बदलत न्यायचा, ह्यात इलाहीभाईंचा हात धरणारा दुसरा नव्हता. त्या काळात कितीतरी घरांतले आजे-पणजे असेच तयार झाले आहेत. नावं सांगत नाही, उगाच भांडणं लागतील.

एकोणीस वर्षांची, अजून लग्न न झालेली राजमती अक्काचं हिरवं इरकली लुगडं नेसून, अक्काची बोरमाळ घालून स्टुडिओत खुर्चीवर बसली. पुढचे तीन दिवस इलाहीभाई भुवया पुसत आणि नाक बसकं करत होते. तात्यासो म्हणाले डोळे मोठे होते, त्यांची आई म्हणाली छे, बारीक होते. हनुवटीवरच्या तिळावर मात्र दोघांचं एकमत झालं. शेवटी जो चेहरा निघाला तो ना धड पद्मावतीचा होता ना धड राजमतीचा. वडगावकरांनी तो बघून हुबेहूब म्हणून माना हलवल्या, कारण बायको गेलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार. पोरीला कधी कळता कामा नये, एवढं तात्यासोंनी राजमतीकडून वचन घेतलं.

तेव्हापासून दर दिवाळीला राजमती वडगावला जायची आणि झेंडूचा हार घातलेल्या स्वतःच्याच फोटोला हात जोडायची. जितेपणी एवढा मान कुणाला मिळत नाही. पण तिला ते फार जड जायचं. त्रिशला परीक्षेला जाताना त्या फोटोच्या पाया पडली, लग्न होऊन वारणानगरला निघाली तेव्हा त्याच फोटोला बिलगून रडली, आणि राजमती मागं पदर चावत उभी राहिली. आपण कुठल्या फोटोत सरळ उभं राहिलो आणि पोरीनं तो भिंतीवरच्या फोटोशेजारी धरला तर, ह्या भीतीनं तिनं कॅमेरा जन्माचा टाकला.

आणखी एक गोष्ट तिला खात होती. आई कशी होती, असं त्रिशला विचारायची. राजमती त्या फोटोकडं बघून सांगायची, शांत होती, फोटोत दिसती तशी. अक्का आणि शांत! पण फोटोला शोभेल असंच बोलावं लागे, आणि तसं बोलता बोलता खरी अक्का तिच्या तोंडून कधी बाहेरच आली नाही.

ब्याऐंशी सालच्या थंडीत तात्यासो गेले. महिन्याभरानं त्रिशला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन कोल्हापूरला मावशीकडं दोन दिवस राहायला आली. डब्यात घरातले सगळे जुने फोटो होते. दोघींनी ते चटईवर पसरले आणि दुपारभर त्यातच रमल्या. तात्यासो पहिल्यांदा सायकलवर बसले तो फोटो निघाला. हँडल धरायला दोन माणसं होती आणि ती कापून काढायची राहून गेली होती. त्रिशलाच्या शाळेचा फोटो निघाला. त्यात तिच्या डोक्यावरची रिबन तिच्यापेक्षा मोठी होती. राजमतीनं ती रिबन कुठून आणली होती ते सांगितलं, त्रिशलानं ती कशी हरवली ते सांगितलं. राजमतीला वाटलं, असेच दिवस जावेत.

मग त्रिशलानं सहज सांगितलं की वारणानगरच्या क्वार्टरमध्ये आई-बाबांचे फोटो शेजारी-शेजारी लावायचे आहेत, म्हणून येतानाच तिनं आईचा फोटो फ्रेममधून काढून महाद्वार रोडच्या स्टुडिओत मोठा करायला दिला. पाठीमागं स्टुडिओचा शिक्का आणि नंबर होता. इलाहीभाईंचा मुलगा रफिक आता दुकान बघतो. तो म्हणाला, आमच्याकडं जुन्या निगेटिव्हच्या काचा अजून जपून ठेवल्यात, ह्या नंबरची काच शोधून नवाच छापतो, एकदम स्पष्ट येईल. उद्या पाचला बोलावलं आहे.

राजमतीला इलाहीभाईंचा ब्रश आठवला. ब्रश चालला होता तो कागदावर. काचेवर तिचा चेहरा जसाच्या तसा असणार होता, बिनतिळाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपिलतीर्थच्या मंडईतून भाजी आणते असं सांगून ती निघाली आणि भाजी बाजूला ठेवून थेट स्टुडिओत गेली. रफिक आत कामात होता. बाहेर बाकड्यावर इलाहीभाई ऊन खात बसले होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, डोळ्यांवर जाड भिंगं. राजमती काही बोलायच्या आधीच ते हसले.

"या ताई. लई वर्सांनी आला."

"वळखलं व्हय मला?"

"ह्या भुवया पुसायला मला तीन दिस लागलेत. इसरीन व्हय?"

राजमतीनं आढेवेढे घेतले नाहीत. पोरीला काही माहीत नाही, काच फुटली म्हणून सांगा, एवढं माझं ऐका, असं तिनं हात जोडून सांगितलं. इलाहीभाईंनी डोळ्यांवरची भिंगं काढून पुसली. मग उठून आत गेले आणि एक ओलसर फोटो दोन बोटांत धरून घेऊन आले. रफिकनं तो सकाळीच छापला होता. ते म्हणाले, आधी बघा, मग म्हणाल तर तुमच्यासमोर काच फोडतो.

राजमतीनं बघितलं. आधी तिला तिचीच एकोणीस वर्षांची मुद्रा दिसली. घाबरलेली, ओठ घट्ट मिटलेले. मग तिची नजर खाली गेली. भिंतीवरच्या फोटोत छातीच्या खालचं सगळं कापलेलं होतं. काचेवर मात्र सगळं होतं, आणि मांडीवर त्रिशला होती.

तिला तो दिवस आठवला. आई गेल्यापासून पोर कुणाच्या हातचा घास घेत नव्हती, रडून रडून तिचा आवाज बसला होता. घरी राहीना म्हणून तात्यासोंनी तिला बरोबर आणलं होतं. राजमती लुगडं नेसून खुर्चीत बसली आणि पोरीनं बापाच्या कडेवरून अंग टाकलं, रांगत येऊन मांडीवर चढली आणि पदरात तोंड खुपसलं. काढायला गेलं की किंचाळायची. तेव्हा इलाहीभाई म्हणाले होते की राहू द्या, मी खालचं कापून टाकीन. एवढं लहान पोर हलतं, फोटोत नुसता धूर होऊन येतं, ते काही दिसायचं नाही.

धूर झाला नव्हता. त्रिशलाचं नाक, कान, गालावर सुकलेल्या पाण्याची रेघ, सगळं लख्ख आलं होतं. मान वर करून ती बघत होती.

"झाकण काढून तीन आकडे मोजले मी," इलाहीभाई म्हणाले. "पोर हललं न्हाई. उभ्या जन्मात असलं लेकरू म्या बघितलं न्हाई. कापताना लई वंगाळ वाटलं, म्हणून काच ठेवली."

मग त्यांनी विचारलं, फोडू का. राजमतीनं मान हलवून नको म्हटलं आणि फोटो पदराखाली घेऊन ती घरी आली. भाजी राहिलीच.

त्रिशला चटईवर फोटो लावून ठेवत होती. राजमती तिच्यापुढं बसली, तो फोटो तिच्या हातात दिला आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. थांबली असती तर पुन्हा बत्तीस वर्षं थांबली असती.

त्रिशलानं फोटो मावशीच्या चेहऱ्याशेजारी धरून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे मी तुझ्याच पाया पडत आले. बाबांनी बी फसवलं आणि तू बी."

राजमतीनं व्हय म्हटलं. त्रिशला फोटो तिथंच टाकून परसात गेली आणि नळाजवळ पाठ करून उभी राहिली. राजमती आत बसून त्या पाठीकडं बघत राहिली. बहीण तर कधीच गेली होती, आज बहिणीची पोरही गेली, असंच तिला वाटलं. पोटच्या पोरीइतकी माया केली होती तिनं, पण ती माया आता कुठल्या तोंडानं सांगणार.

अर्ध्या तासानं त्रिशला आत आली. तोंड धुऊन आली होती. तिनं फोटो उचलला आणि खिडकीशी नेऊन धरला.

"ही मी?"

"व्हय."

"मी कुणाकडं बघालेय इतकं?"

"तुझ्या आईकडं," राजमती म्हणाली. "तुला मी दिसलेच न्हाई, बाळ. अक्काच्या लुगड्याला तिचा वास हुता. तू वास घेतलास, वर बघितलंस आणि आई म्हणालीस. म्हणून तर हलली न्हाईस."

आता मात्र त्रिशला रडली. मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून, चौतीस वर्षांची बाई, दीड वर्षाच्या पोरीसारखी रडली, आणि राजमतीनं तिला रडू दिलं. रडणं ओसरल्यावर तिनं तसंच पडल्या पडल्या विचारलं की आता खरं सांग, कशी होती.

आणि राजमतीला कुठल्याच फोटोकडं बघावं लागलं नाही. अक्का काळी होती, नाक बसकं होतं आणि आवाज असा की आडावर बोलली तर मारुतीच्या देवळात ऐकू यायचं. चिंचा खाऊन चिंचोके लांबवर थुंकायची पैज लावायची आणि जिंकायची. तात्यासोंना पहिल्यांदा बघितलं तेव्हा ह्यांचे कान मोठे आहेत असं त्यांच्या आईसमोरच म्हणाली होती. त्रिशला पोटात असताना रोज भांडायची, पोरगीच पाहिजे म्हणून. त्रिशलानं उठून बसून दोनदा विचारलं, खरंच पोरगीच म्हणाली होती का. राजमतीनं दोन्ही वेळा सांगितलं. चहा दोनदा झाला आणि पाच कधी वाजले ते कळलं नाही.

स्टुडिओत दोघी मिळून गेल्या. त्रिशलानं रफिकला तो अख्खा फोटो मोठा करायला सांगितला, काहीही न कापता, ब्रश न लावता. खाली पांढऱ्या शाईनं नावं घालायची त्यांची पद्धत होती, म्हणून त्यानं कागद पुढं केला. त्रिशलानं लिहून दिलं: पद्मावती, राजमती, त्रिशला.

रफिकनं कागद वाचला, फोटो बघितला, परत कागद वाचला.

"ताई, नावं तीन हायत. माणसं दोनच दिसत्यात की."

बाकड्यावरून इलाहीभाई म्हणाले, "लिही. बरोबर हाय."