मंगळवारचा शेवट

या, सरकून जवळ बसा. देवाचं नाव घेऊन किनाऱ्यावरच्या बिरिवा गावच्या अराबाबाईंची गोष्ट सांगते. शाळेत शिकवता शिकवता केस पिकायला लागले, तेव्हा या बाई पदवीसाठी विद्यापीठाची पायरी चढल्या.

पहिलाच निबंध परत आला, लाल शाईने माखून. खाली शिकवणाऱ्या डॉक्टर ओपारेंचा शेरा: ‘मग काय? शेवट कुठे आहे?’

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. या आतल्या मुलखातल्या माणसाला कोळणीचं शिकणं डोळ्यांत खुपतंय की काय? निबंधात सगळं तर होतं! तारलीच्या हंगामात पोरं किनाऱ्यावर पळतात, वर्ग ओस पडतो. रिवाजाप्रमाणे मंगळवारी दर्याला विसावा, होड्या वाळूवर, वर्ग गच्च. आणखी काय सांगायचं?

संध्याकाळी त्या बाईसिवा मावशींकडे गेल्या. मावशी म्हणजे देवळातला गळा. पाद्रीबाबांचं प्रवचन रंगात आलं, की मधेच उठून पद उचलायच्या, बायका झेलायच्या, आणि बाबांनी अर्धं सोडलेलं वाक्य गाण्यात पुरं व्हायचं. बाबा थांबायचेच त्यासाठी. ते ऐकताना माझे तर डोळे भरून यायचे हो.

मावशी जेवायला बसल्या होत्या, मक्याच्या केंकीवर गुंडाळलेलं पान सोडत होत्या. अराबाबाईंनी निबंध आपल्या बोलीत सांगितला. ‘मंगळवारी वर्ग गच्च,’ म्हणून थांबल्या मात्र, मावशींनी घास हातात धरूनच सूर लावला, ‘मंगळवारी बोलवा गं, परीक्षेला लेकरं मंगळवारी बोलवा!’

“अगं बाई!” अराबाबाई म्हणाल्या. “हे मी लिहिलंच नाही.”

“लिहिशील कशाला? तुला वाटलं, तो ओपारे उठून गाईल!”

दोघी हसल्या. पण तेव्हापासून प्रत्येक परिच्छेद मावशींपुढे वाचून व्हायचा. जिथे मावशी गायच्या, तिथे बाई आपल्या शब्दांत वाक्य लिहायच्या. निबंध नव्याने गेला, आणि बाईंना बोलावणं आलं.

डॉक्टर ओपारेंनी दार लोटलं. “बाई, हे कुणी लिहून दिलं?”

“मीच लिहिलंय, सर.”

“महिन्यापूर्वी शेवट सापडत नव्हता, आणि आता एवढा नेमका? दुसऱ्याचं लिखाण निघालं तर नाव कमी होतं, ठाऊक आहे ना?”

आता त्यांना स्वतःचाच संशय यायला लागला. शब्द माझे, पण शेवट कुणाचा?

“इथे, माझ्यासमोर लिहा,” ओपारे म्हणाले. “धुरावर मासे सुकवणाऱ्या घरच्या मुली मागे का पडतात?”

बाई लिहू लागल्या. पहाटे भट्ट्या पेटतात. मुली चुरचुरते डोळे घेऊन येतात, लाजून मागच्या बाकावर बसतात. तिथून फळा दिसत नाही. शिक्षक म्हणतात, आळशी.

आणि लेखणी थांबली. सवयीने. बाई वाट बघत राहिल्या, पण खोलीत गाणारं कोण? ओपारेंची नजर तेवढी रोखलेली. ‘सापडली,’ असंच म्हणत असणार मनात.

बाईंनी डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत एक सूर धरला, चाचपडत.

“काय पुटपुटताय?”

“शेवट शोधतेय, सर.”

मग लिहिलं: या मुलींना पुढच्या बाकावर बसवावं, आणि वाचनाचा तास पहाटेची आग डोळ्यांतून उतरल्यावर घ्यावा.

ओपारेंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “त्या निबंधाचा शेवट जास्त सुरेख होता.”

खोटं बोलायला जागा होती. पण बाई म्हणाल्या, “तो बाईसिवा मावशींनी गाऊन सुचवला. लिहिला मी. हा सगळा माझा.”

ओपारे म्हणाले, “हा ओबडधोबड आहे, म्हणून विश्वास बसतोय. त्या निबंधाच्या तळटीपेत मावशींचं नाव घाला, दोन्ही स्वीकारतो. पण पुढचाही इथेच, माझ्यासमोर लिहायचा.”

“लिहीन, सर. फक्त गुणगुणू द्या.”

आता मावशी देवाघरी आहेत. बाबांनो, कधी लिहिता लिहिता अर्ध्यावर अडलात, तर देवाचं नाव घेताना बाईसिवा मावशींचंही नाव घ्या.