भट्टीची सोडत

भट्टी चार घरांची आणि तिच्यात थरही चार. खालून दुसऱ्या थरावर मडकं असं भाजतं की टिचकी मारली तर घंटेसारखं वाजावं. अगदी खालच्या थराला मात्र जाळ थेट चाटतो आणि तिथली मडकी तडकतात. म्हणून दर भट्टीला सोडत. पूर्वी चिठ्ठ्या उचलत, पण कुणीतरी चिठ्ठीचा कोपरा मुडपतं अशी कुजबुज झाली आणि काम गेलं जावयाकडे. जावई म्हणजे आत्याच्या भाचीचा नवरा. मातीतलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण त्याच्या घरी कॉम्प्युटर होता, आणि कॉम्प्युटरला काका-मामा नसतात हे सगळ्यांना पटलं.

गेल्या तिन्ही भट्ट्यांना आत्याला खालचा थर आला आणि भाचीला दुसरा. उरलेली दोन घरं भावाभावांची. त्यांना वरचे थर मिळत, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आत्याची निम्मी मडकी फुटली, पण खरी भेग मनात पडली होती. या पोरीला तिनेच वाढवलेलं, चाकावर हात धरून पहिला गोळा उभा करायला शिकवलेलं. बोलावं तर पोर तुटते आणि गिळावं तर काळीज करपतं. त्यात जावई हा दहावा ग्रह.

या खेपेला ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. सवयीने भट्टीच्या भिंतीला लावावा तसा कॉम्प्युटरच्या खोक्याला हात लावला. गार होतं. सगळे जमल्यावर जावयाने नेहमीप्रमाणे सर्वांदेखत बटण दाबलं. 'आधीच शिजवून ठेवलं नाहीस ना?' असं थोरला भाऊ पहिल्याच सोडतीला थट्टेत म्हणाला होता. तेव्हापासून जावई यंत्र आधी कधी चालूच करत नसे.

"थांबा जावईबापू," आत्या म्हणाली. "आज सोडत मी सांगते. खाली मी, दुसरी तुमची बायको, मग थोरला, वर धाकटा."

जावयाने कळ दाबली. पडद्यावर तसंच आलं.

"आत्या, तू यांना चोर म्हणतेस?" भाचीचा आवाज फाटला.

"मी कुठं म्हटलं? यंत्र म्हणतंय."

जावयाचं तोंड उतरलं. म्हणाला, मलाही मागच्या वेळी खटकलं होतं, पण बोललो असतो तर चोराच्या मनात चांदणं झालं असतं. भाचीने त्याच्याकडे असं पाहिलं की आत्यालाच त्याची कीव आली.

मग त्याने उलगडून सांगितलं. यंत्र आकडे काढतं ते आतल्या घड्याळातली तारीख आणि तास धरून. ते घड्याळ जागं ठेवणारा बारका सेल संपलेला. त्यामुळे यंत्र बंद केलं की घड्याळ वेळ विसरतं आणि चालू केलं की त्याच एका जुन्या वेळेपासून निघतं. लगेच कळ दाबली की तारीख तीच, तास तोच, म्हणून आकडेही तेच.

"सेल मेला म्हणे," आत्या म्हणाली. "बराच सोयीचा मेला."

त्याने तिलाच बंद-चालू करायला लावलं. पडद्यावर कैक वर्षांपूर्वीची तारीख आली. तिने पुन्हा केलं. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा मात्र तिने हात मागे घेतला.

नवा सेल घालू, धाकटा म्हणाला. जावयाने मान हलवली. उद्या कुणी म्हणेल, वेळ साधून कळ दाबली. त्याने जुना रेडिओ आणला आणि वायरीने यंत्राला जोडला. दोन स्टेशनांच्या मधली खरखर कुणाच्या बापाला पाठ नसते, ती ऐकून यंत्र आकडे काढेल. काटा फिरवायचा मान आत्याला. तिने कान लावून, गाण्याचा मागमूसही नाही अशा जागी तो आणून ठेवला, आणि कळही तिनेच दाबली.

वर भाची. मग थोरला. दुसऱ्या थरावर धाकटा. खाली आत्या.

 भाची पुढे येऊन म्हणाली, "आत्या, माझा थर घे तू."

"गप गं. सोडत ती सोडत." आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "नशीब खोटं निघालं तर चालतं, पोरी. माणूस निघालं असतं तर?"

आणि भाचीच्या खांद्याचा आधार घेत ती भट्टीकडे निघाली. जाता जाता खोक्याला हात मात्र लावलाच.