पितळी टाचण्या

आमच्या ह्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. शिवणाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक पायमशीन, एक कापायचं टेबल आणि दोन म्हातारी माणसं. ह्यांना साखरेचा जुना आजार, त्यानं पावलं पार बधिर झालेली. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही धुकं काही हटेना. म्हणून सुईत दोरा हे ओवतात आणि रोज संध्याकाळी ह्यांचे तळवे मी चाचपते. एकीला दिसत नाही, एकाला लागलेलं कळत नाही. जोडी मात्र झकास!

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "घरातही चप्पल घाला. जखम झालेली तुम्हाला कळणार नाही, आणि चिघळली तर पाय जाईल."

ऐकतील तर ते हे कसले! "चप्पल घालून मशीन चालते होय? पायडल पायाला कळलं पाहिजे."

"अहो, पण तुमच्या पायाला काहीच कळत नाही!"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

जित्याची खोड, दुसरं काय! मग मीच दोरीला लोहचुंबक बांधून रोज फरशीवरून फिरवायची. सांडलेल्या सुया, टाचण्या पटापट चिकटायच्या. वाकायला नको की शोधायला नको. त्या चुंबकाच्या जिवावर आम्ही निर्धास्त होतो.

एकदा पांढऱ्या कोटांचं काम आलं. लोखंडी टाचणीचा गंज पांढऱ्याला लागतो, म्हणून ह्यांनी मुद्दाम पितळी टाचण्या आणल्या. केवढं कौतुक त्यांचं! उभा जन्म सुयांत गेला, पण पितळ चुंबकाला चिकटत नाही हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्यात टाचण्या ओठांत धरून बोलायची ह्यांना सवय. माझ्याशी वाद घालताना एखादी पडली असणार.

संध्याकाळी चुंबकाला काहीच चिकटलं नाही. म्हटलं, चला, आज फरशी स्वच्छ. मग तळवा हातात घेतला, तर अंगठ्याखाली काहीतरी बारीक, टणक लागलं. भोवतीची कातडी गरम.

"अहो, टाचणी रुतलीय!"

दिवसभर त्याच पायानं मशीन मारली होती. हे वाकून बघत राहिले. चेहरा मला नीट दिसला नाही, पण आवाज अगदी लहान झाला होता. "मला कळलंच नाही गं," एवढंच म्हणाले.

कितीतरी दिवस मलमपट्टी चालली. पाय वाचला, पण डॉक्टरीणबाईंनी बंद बूट घालायला लावले आणि पायमशीन सोडायला सांगितली. लेक येऊन म्हणाली, "बाबा, विकून टाका ती. आराम करा आता." ह्यांनी हूं की चूं केलं नाही. झाकलेल्या मशीनपुढे नुसते बसून राहायचे. आयुष्यभर मला एक वाक्य पुरं करू न देणारा माणूस! मला भीती वाटायला लागली. असा गप्प नवरा मला नको होता.

शेवटी मी मिस्त्रीला बोलावून मशीनच्या चाकाला हँडल बसवून घेतलं. "मी फिरवते, तुम्ही कापड धरा."

"तुला दिसतंय कुठं? कुठं थांबायचं ते कसं कळणार?"

"मग देवानं तोंड कशाला दिलंय? सांगा की!"

पहिली कॉलर वाकडी झाली. दुसरीही. पण आता दिवसभर दुकानात आवाज असतो. "हळू... थांब... अगं, थांब म्हटलं ना! कान आहेत का खुंट्या?" माझा खांदा भरून येतो, उत्तरं देऊन तोंडही दुखतं. तरी बरं वाटतं.

संध्याकाळी ह्यांचे बूट काढून मी तळवे मांडीवर घेते. टाचेपासून बोटांपर्यंत चाचपते. काही नसतं. काम संपलेलं असतं, तरी तो पाय मी दोन्ही हातांत तसाच धरून बसते. ह्यांना ते कळत नाही.

"झालं का गं?" हे वरून विचारतात.

"थांबा," मी म्हणते, "अजून बघतेय."