कोरडा खड्डा

बाबा गेल्यापासून आईने संध्याकाळचं बसणं सोडलं होतं.

बसणं म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. खिडकीपाशी दोन खुर्च्या. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन बाबा एकीवर बसायचे, आई दुसरीवर, आणि दोघं डोळे मिटायची. ना तोंडाने पुटपुटणं, ना हातात पुस्तक. थोड्या वेळाने बाबा उठायचे, आई चहा ठेवायला जायची. लहानपणी लेकीला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी आईबाप दिवेलागणीला असे मुके होतात. कळत्या वयात तिने एकदा विचारलं होतं, "तिथे बसून करता काय हो?"

"ऐकतो," बाबा म्हणाले होते.

"दिवसभर ऐकून पोट भरत नाही वाटतं?"

बाबा नुसते हसले होते. कारण त्यांची नोकरीही ऐकण्याचीच होती. पाणीपुरवठ्याच्या खात्यात ते गळती शोधायचे. लांब लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखालच्या नळातून पाणी कुठे निसटतंय त्याचा कानोसा घ्यायचा. ऐकू आलं की खडूने फुली मारायची. मागून टोळी यायची आणि फुलीवर खोदायची. टोळीत त्यांना सगळे 'कानसाहेब' म्हणत.

आता कानसाहेब नव्हते. लेक कॉलेजातून रजा काढून आली होती. ती कपडे धुवायची, आलेल्यांना पाणी द्यायची, गेलेल्यांचे कप विसळायची. रडू येईल म्हणून तिने दोन दिवस रुमाल जवळ ठेवला. मग तोही धुऊन घडी करून कपाटात ठेवला. पाय बधिर झाला की आपटून बघतो तसं ती अधूनमधून बाबांची एखादी आठवण काढून बघे. आठवण जागच्या जागी होती. लागत मात्र नव्हती.

त्या दुपारी आई म्हणाली, "तू कॉलेजात तेच शिकवतेस ना गं? देव आहे की नाही ते?"

"तेही शिकवते."

"मग मुलांना काय सांगतेस?"

"दोन्ही बाजू सांगते."

"म्हणजे कुंपणावर."

"पगार कुंपणावर बसायचाच मिळतो, आई."

आई हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला कधी काही ऐकू आलं नाही. एवढी वर्षं शेजारी बसले, पण एकदाही नाही. ह्यांना येतं म्हणून मी बसायचे. आता कुणाच्या भरवशावर बसू? तू एवढं वाचलंयस. आहे म्हण, मी आजपासून बसते. नाही म्हण, त्या खुर्च्या कुणाला तरी देऊन टाकू. पण मधलं काही सांगू नकोस."

लेकीकडे आठवडाभर पुरतील इतके युक्तिवाद होते. बाजूचे होते, विरुद्धचे होते, पण आईच्या हातात ठेवावा असा एकही नव्हता. 'आहे' म्हणणं किती सोपं होतं! पण कधी नव्हे ते आईने तिचा शब्द मागितला होता, आणि तोच खोटा द्यायचा?

तेवढ्यात दार वाजलं. टोळीचा मुकादम आला होता, हातात कापडात गुंडाळलेली सळई घेऊन.

"वहिनी, खात्यात गंजत पडली असती. म्हटलं, घरीच बरी." सळई भिंतीला टेकवून तो टेकला. "आता नवीन पोरं यंत्र घेऊन येतात. कानात बोंडं, गळ्यात डबा. चुकतात तेवढीच, पण बॅटरी लागते."

"हे चुकायचे?" आईने विचारलं.

"अहो, चुकायचे म्हणजे! एकदा दुकानासमोर आम्हाला कमरेएवढं खोदायला लावलं. आत नळ ठणठणीत कोरडा. शेवटी कळलं, दुकानातला फ्रिज घरघरत होता. दुसऱ्यांदा फुली इथे, आणि फुटलेला नळ पार वळणापलीकडे. आवाज लोखंडातून चालत आला होता. ऐकलं ते खरं, जागा चुकली. पण आमच्यात नियम आहे वहिनी, कोरडा खड्डा ज्याच्या फुलीचा, त्यानेच बुजवायचा. एकट्याने. आम्ही विड्या ओढत बसायचो आणि कानसाहेब माती लोटायचे. एकदा म्हटलं, द्या इकडे फावडं. तर म्हणाले, हो बाजूला, खूण माझी आहे."

"आणि तरी पुढच्या वेळी तुम्ही खोदायचा?" लेकीने विचारलं.

"न खोदून जातो कुठे?" मुकादम म्हणाला, "खरं सांगू पोरी? काही जण रिकाम्या हाताने परत जायला नको म्हणून कुठेतरी फुली मारून मोकळे होतात. कानसाहेबांनी तसं कधी केलं नाही. अख्खी गल्ली ऐकून सरळ सांगायचे, काही नाही. जो 'नाही' म्हणू शकतो, त्याच्या 'आहे'वर फावडं उचलायला बरं वाटतं."

जाताना त्याने सळई लेकीच्या हातात दिली. "लाव बघू कानाला." तिने फरशीवर टेकवून कान लावला. आत मंद, जाड धपधप ऐकू आली.

"काहीतरी वाजतंय, काका."

"ते तुझंच आहे. पहिल्यांदा सगळ्यांना आपलंच रक्त ऐकू येतं."

तो गेला. आईने लेकीच्या हातातून सळई घेऊन पुन्हा कापडात गुंडाळली.

"इथेही तसंच म्हणायचे," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथे, खुर्चीवरून उठताना. 'आज काही नाही.' बहुतेक दिवस तेच. मला वाटायचं, लोक ऐकतील तर काय म्हणतील! म्हणून तुला कधी सांगितलं नाही."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी काहीच बोलायचे नाहीत. पाणी प्यायचे आणि कामाला लागायचे."

लेक भिंतीशी उभी राहिली. साक्षीदार किती वेळा 'हो' म्हणाला हे बघू नका, नसताना 'नाही' म्हणाला का ते बघा, असं ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. पोरं उतरवून घ्यायची. पण हा साक्षीदार फ्रिजलाही फसला होता. आणि खात्यात निदान फावडं होतं. इथे खोदायचं कुठे? तो नसताना 'नाही' म्हणायचा आणि तरीही चुकायचा, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि पहिलीने दुसरी खोडली जात नव्हती.

"सांग ना," आई म्हणाली.

"मला माहीत नाही, आई. मधलं नाही सांगत. खरंच माहीत नाही."

"मग?"

"बाबा खोटं बोलायचे नाहीत, एवढं माहीत आहे."

"ते मला नको सांगूस. खोटारडे नव्हते, पण चुकायचे. मुकादम आत्ताच सांगून गेला." आईचा आवाज पहिल्यांदाच चिरला. "आणि हे चुकलं असेल तर? मी आयुष्यभर ह्यांच्या फुलीवर खोदत बसलेय. ज्याचा खड्डा त्याने बुजवायचा म्हणे. आता हे कुठे येणार आहेत फावडं घ्यायला?"

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईना.

"तू बस," लेक म्हणाली. "कोरडा निघाला तर मी बुजवीन."

"म्हणजे काय करशील?"

"ते तेव्हा बघू. पण एकटीने बुजवायला नाही लावणार तुला."

आईने तिच्याकडे नीट बघितलं, दुकानात नाणं खरं की खोटं बघतात तसं. मग उठून हातपाय धुऊन आली आणि आपल्या खुर्चीवर बसली. लेकीने दुसऱ्या खुर्चीवरची इस्त्रीच्या कपड्यांची चळत पलंगावर ठेवली आणि बसली. बाबांच्या पाठीने खुर्चीचा वेत मधोमध खोलगट झाला होता. तिने डोळे मिटले.

कानात पुन्हा तीच धपधप. ती आपलीच, हे आता माहीत होतं. ती बाजूला सारून पलीकडचं ऐकायचा तिने प्रयत्न केला. नळाचा थेंब. आईचा श्वास. स्कूटर सुरू होऊन निघून गेली. पलीकडे काही असेलच तर ते गप्प होतं. तिला वाईटही वाटलं नाही आणि बरंही.

उजेड ओसरल्यावर तिने डोळे उघडले.

"आज काही नाही," ती म्हणाली.

आईने डोळे उघडले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिला विचारल्यासारख्या आवाजात ती म्हणाली, "मलाही नाही."

मग ती उठली आणि दोघींपुरता चहा ठेवायला आत गेली.